बायपासनंतरची पुढची वर्षं : माझा अनुभव

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक पहिल्या वर्षाचं असतं : किती किलो उतरले, साखरेच्या गोळ्या कधी बंद झाल्या, जिना चढताना धाप लागणं कधी थांबलं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. वजन साधारण १२ ते १८ महिन्यांत सगळ्यांत खाली येतं आणि मग थांबतं. दवाखान्याच्या फेऱ्या विरळ होतात, भूक परतू लागते, घरचे म्हणतात "आता झालं की सगळं नीट", आणि जीवनसत्त्वं-लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं संपली की नवी आणायची राहून जातात. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात काही वर्षं पुरेल इतका असतो. म्हणजे तो आटतो नेमका याच काळात. पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि त्याचा त्या जुन्या ऑपरेशनशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझं ऑपरेशन रू-एन-वाय बायपासचं. यात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलीलीटरची पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर, ड्युओडेनम (जठरालगतचा लहान आतड्याचा पहिला भाग) आणि त्यापुढचा थोडा भाग टाळून पुढे जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच टाळलेल्या भागात शोषलं जातं. बी-१२ शोषायला जठरात तयार होणारं इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लागतं, त्याचीही अन्नाशी नीट गाठ पडत नाही. वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात आतड्याला हात लावत नाहीत, पण जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. त्यामुळे आम्लही कमी आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टरही कमी. म्हणून गोळ्या स्लीव्हवाल्यांनाही जन्मभर आहेत. "मी सगळं चौरस खाते, मग गोळ्या कशाला?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की खाल्लेलं पुरेसं शोषलंच जात नाही.

गोळ्या कोणत्या, यापेक्षा कधी आणि कशाबरोबर, यात जास्त चुकतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला अडवतं. म्हणून मी लोह सकाळी उठल्यावर घेते, लिंबूपाण्याबरोबर. चहा त्यानंतर किमान तासाभराने, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपास झालेल्या सगळ्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं, आणि हा आकडा निव्वळ लोहाचा आहे. पाकिटाच्या मागे "एलिमेंटल" शब्दापुढे जो आकडा असतो तो बघायचा. कॅल्शियम लोहापासून दोन तास लांब, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त नाही. दिवसाची एकूण गरज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, अन्नातलं धरून. ग्लासभर दुधातून सुमारे ३०० मिळतं.

कॅल्शियमच्या बाबतीत दुकानात हटकून घोटाळा होतो. चिठ्ठीवर सायट्रेट लिहिलेलं असतं आणि हातात कार्बोनेट येतं. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि आपल्या छोट्या पिशवीत ते फारसं नसतं. सायट्रेटला आम्ल लागत नाही. पण त्यातही मेख आहे : १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमध्ये निव्वळ कॅल्शियम सुमारे २१० मिलिग्रॅमच असतं. "हजाराची गोळी घेते" म्हणणारीला प्रत्यक्षात गरजेच्या सहाव्या हिश्श्याएवढंच मिळत असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास दूर ठेवावं लागतं. त्या घरात सकाळी थायरॉइड, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, संध्याकाळी लोह आणि झोपताना पुन्हा कॅल्शियम, अशी मांडणी सोयीची पडते.

बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. आपल्याकडे शाकाहारी घरांत हे आधीच कमी असतं, तेव्हा इंजेक्शनला नाकं मुरडू नयेत. फॉलिक अॅसिड भरपूर आणि बी-१२ नाही, हा प्रकार सगळ्यांत फसवा : रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. डी-३ जीवनसत्त्वाची रोजची मात्रा ३००० युनिट धरतात. आठवड्याला ६०,००० ची पुडी कमतरता भरून काढायला असते. ती स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं चालू ठेवू नये, पातळी तपासून डॉक्टरांना विचारावं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये तांबं आहे का, हेही पाहा. केस गळतात म्हणून नुसतं झिंक घेत राहिलं की तांबं घटतं, आणि तांबं घटलं की पंडुरोग आणि पायांची बधिरता अशी बी-१२च्या कमतरतेसारखीच लक्षणं येतात. ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं हवं. केस गळणं हे बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातलं असतं आणि आपोआप थांबतं. वर्ष उलटल्यावरही गळत असतील तर झिंकच्या आधी फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि प्रथिनं तपासायची.

आता खाणं. प्रथिनं दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम, हे प्रत्येकाला सांगितलेलं असतं, पण मराठी ताटात ते बसवायचं कसं हे क्वचितच कुणी सांगतं. आपली समजूत असते की वरण म्हणजे प्रथिनं. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम २० ग्रॅम डाळ असते, म्हणजे चार-पाच ग्रॅम प्रथिन, आणि तेवढ्या पाण्याने आपलं पोट भरून जातं. म्हणून डाळ घट्ट रूपात खायची. ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी केली तर १२ ग्रॅम, त्यात ५० ग्रॅम पनीर भरलं तर आणखी ९. मोड आलेल्या मटकीच्या घट्ट उसळीच्या वाटीत सात, मूठभर फुटाण्यांत चार, २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १३. वाटीभर दही तीन-चार. एवढं सगळं करूनही बेरीज पन्नासच्या आसपासच थांबते, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसाने व्हे प्रोटीनचा (दुधापासून केलेली प्रथिनाची पावडर) डब्यातला मापाचा एक चमचा, म्हणजे २० ते २४ ग्रॅम प्रथिन, कमीपणाचा मानू नये. अंडं सहा ग्रॅमचं. मासे उत्तम, कारण ते मऊ असतात आणि अडकत नाहीत. कोरडं, तळलेलं किंवा तंदूर चिकन मात्र वर्षांनंतरही छातीत अडकतं. रश्श्यात नीट शिजलेलं चालतं.

ताटात आधी प्रथिन संपवायचं, मग भाजी, आणि भाकरी शेवटी. ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा बरी, चावली की सुटी होते. पाव आणि चिकट भात यांचा गोळा होऊन बसतो. जेवणाला २० ते ३० मिनिटं द्यायची. पाणी जेवणाआधी अर्धा तास बंद आणि जेवणानंतर अर्धा तास बंद. एरवी दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोट घोट. पंगतीत भातावर मठ्ठा ओतला जातो तेव्हा हा नियम मोडतो : पातळ अन्न पिशवीतून लगेच खाली सरकतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

उपवासाचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे आठवड्याला एक तरी उपवास असतोच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडीत प्रथिन असतं ते दाण्याच्या कुटाचं. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ यांवर करावा, आणि गोळ्या त्या दिवशीही घ्याव्यात. निर्जळी उपवास आपल्यासाठी नाही. बायपासनंतर मूतखड्याचा धोका वाढलेला असतो आणि पाणी कमी पडलं की तो आणखी वाढतो.

गोडाने दोन वेगवेगळे त्रास होतात. जिलेबी किंवा उसाच्या रसानंतर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, हे लवकरचं डम्पिंग, म्हणजे गोड पिशवीतून एकदम आतड्यात उतरल्याने होणारा त्रास. एक ते तीन तासांनी हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे उशिराचं. त्यात इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली जाते. हे दुसरं बहुधा वर्षभरानंतर सुरू होतं, म्हणून गाफील गाठतं. ग्लुकोमीटर घरात असावा. साखर ७० च्या खाली असेल तर थोडं ग्लुकोज आणि पाठोपाठ दूध किंवा शेंगदाणे. नुसतं गोड खाऊन थांबलं तर दोन तासांनी तेच चक्र पुन्हा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडे जावं, यावर औषधं आहेत. चक्कर येऊन पडण्यापर्यंत गेलं असेल तर तोवर गाडी चालवू नये.

वजन परत येतं का? थोडं येतं, आणि त्यात नापास होण्यासारखं काही नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. वजन वाढतं ते मोठ्या जेवणाने नाही, कारण मोठं जेवण आपल्याला जमतच नाही. ते वाढतं दिवसभर तोंड चालू राहिल्याने. चिवडा, फरसाण, चहात बुडवलेलं बिस्कीट, आइस्क्रीम हे पदार्थ पिशवीत टिकत नाहीत, पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. दिवाळीत डबा उघडाच राहिला की एका बैठकीत कळतही नाही किती गेलं. वजन वाढू लागलं की उपाशी राहू नका. आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहा, प्रथिनांची बेरीज करा, थायरॉइड तपासा, नवीन कुठलं औषध सुरू झालंय का ते पाहा. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड या वजन कमी करण्याच्या औषधांची इंजेक्शनं डॉक्टर आता या टप्प्यावरही देतात. ती भूक आणखी मारतात, त्यामुळे ती चालू असताना प्रथिनांचा हिशेब दुप्पट कडक ठेवावा लागतो.

काही गोष्टींत थांबायचं नाही. बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात मुरडून येणारी तीव्र कळ, विशेषतः जेवणानंतर, ही आतड्याचा भाग आतल्या फटीत अडकल्याची असू शकते. गॅस समजून ओवा खाऊन रात्र काढू नका. बायपासची माहिती असलेल्या सर्जनकडे जा, सीटी स्कॅन लागेल. शौचाला डांबरासारखं काळं होणं म्हणजे पिशवी आणि आतड्याच्या जोडावरच्या अल्सरमधून रक्तस्राव असू शकतो (लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होतं, पण चिकट आणि उग्र वासाचं नसतं). हा अल्सर होतो तो मुख्यतः सिगारेटने आणि दुखण्याच्या गोळ्यांनी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्याला वर्ज्य. दुकानातल्या मिश्र गोळ्यांतही ती दडलेली असतात. पॅरासिटामॉल चालतं. दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि बायपासनंतर व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. न घेणं उत्तम.

गरोदरपणासाठी १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर या काळात विसंबू नये. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात, ती चाचणी आपल्याला झेपत नाही. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटातून साखर मोजायचा पर्याय डॉक्टरांकडे मागावा.

तपासण्या वर्षाला एकदा, जन्मभर. हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी पडतं, फेरिटिन आधी, म्हणून फेरिटिन हवंच. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं कारण शरीर ते हाडांतून काढत असतं; खरं चित्र पॅराथायरॉइड हार्मोन आणि डी जीवनसत्त्व दाखवतं. यांच्या जोडीला बी-१२, फॉलेट, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), झिंक, तांबं, ए जीवनसत्त्व. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवावी. स्लीव्हवाल्यांनी छातीत जळजळ नसली तरी दोन-तीन वर्षांनी एकदा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

पाकिटात मी एक कार्ड ठेवते, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. ऑपरेशनचा प्रकार आणि साल, सर्जनचा फोन, रक्तगट. त्याखाली तीन ओळी : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये, नाकातून पोटात नळी अंदाजाने घालू नये, उलट्या बरेच दिवस होत असतील तर ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. दोन-तीन आठवडे उलट्या झाल्या की बी-१ संपतं, आणि अशा वेळी नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे हलणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. हे कार्ड घरच्यांनाही वाचून दाखवलंय, कारण त्या वेळी बोलायच्या स्थितीत मी असेनच असं नाही.