डॉगरीजपासून ओलांड्यापर्यंत

तासगावकडं नवी द्राक्षबाग लावायची, तर आधी लावायची ती डॉगरीज. अमेरिकेतली ही जंगली वेल. पाणी कमी पडलं, जमीन खारवट निघाली तरी तिची मुळं तग धरतात, म्हणून खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, तिचा. फळ आपल्याला हव्या त्या वाणाचं. आम्ही फेब्रुवारीत रोपं लावली आणि पावसाळाभर नुसती वाढू दिली. येणारे-जाणारे विचारायचे, "वहिनी, बाग कुठाय ओ?"

ऑगस्ट सरता सरता खुंट पेन्सिलीएवढे झाले, तशी कलमांची टोळी आली. जमिनीपासून फूटभरावर खुंट आडवा कापायचा, मधोमध चिरायचा, दोन डोळ्यांची काडी दोन्हीकडून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळायची. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका कडेला सरकवतात. सालीला साल भिडली तरच जोड धरतो. वाण तास-ए-गणेश. आमच्याच तालुक्यातल्या बोरगावात थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षातून निवडलेला. त्यानंतर खाली फुटणारे जंगली कोंब खुडत राहायचं. ते काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल जास्त काय लिहू!

खरं जिवावर आलं ते रिकट. थंडीभर वाढवलेली वेल जानेवारी-अखेरीस जोडाच्या वर चार-पाच डोळे ठेवून छाटून टाकायची! चुलत सासरे, तात्या, बांधावर उभे राहून म्हणाले, "सूनबाई, येलाला खोड नसतंय, ते आपुन करायचं असतंय." नव्या फुटींतली एकच जोमदार ठेवली, बांबूला सुतळीनं बांधत वर नेली. सुतळी सैल आठच्या आकड्यात, बांबू आणि फूट यांच्यात बोट जाईल अशी. वळवाच्या वाऱ्यात कोवळी फूट जोडावरच मोडते, त्यामुळं दुपारी आभाळ भरून आलं की आम्ही सगळे बागेत.

वेल ज्या तारांवर पसरवायची त्या तारेजवळ फूट पोचली की शेंडा मारायचा, बगलफुटी तारेवर दोन्हीकडं आडव्या वळवायच्या, तोच ओलांडा. इथं घाई नडते. एकदम लांब सोडला तर मधले डोळे झोपून राहतात आणि ओलांडा बोडका दिसतो. नऊ-दहा पानं झाली की सहा-सातव्या पानावर खुडून थांबवायचं, तिथून काड्या निघाल्या की पुढं.

बाळ्या मात्र वेळेत काढाव्यात. पानासमोर निघणारी ही दोरी कोवळी असताना बोटानं तुटते. तारेला एकदा वेढा बसून सुकली की कात्रीलाही दाद देत नाही, आणि छाटणीत काडी ओढावी तर शेजारची फांदीच हातात येते. गंमत अशी की बाळी आणि घड मुळात एकाच अंकुरातून येतात. उन्हाळ्यात डोळा तयार होताना ऊन आणि पोषण नीट मिळालं तर घड, नाहीतर बाळी. म्हणून एप्रिलनंतर दाट फुटी विरळ करण्यावर तात्यांचा एवढा जोर.

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ते स्पष्ट दिसलं. आंब्याच्या सावलीतल्या ओळीत घड जिरून बाळ्या झाल्या होत्या. काहींच्या टोकाला दोन-चार मणी तेवढे. बाकी बाग चांगली फुटली. पहिलं वर्ष म्हणून घड निम्म्यावर आणले. व्यापारी हळहळला, पण ओलांडे अजून बारीक होते. तो आंबा यंदा छाटायचा, एवढं घरात ठरलंय. कोण छाटणार यावर वाद सुरू आहे.