अमलला माहीत होतं का?

सोमवारी सकाळी शाळेत आले तेव्हा सातवी ब मधला तिसऱ्या रांगेतला बाक जागेवर नव्हता. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, वर्गशिक्षकांनी स्टोअरमध्ये ठेवायला लावला. त्या बाकावर बसणारा मुलगा शनिवारी रात्री रक्ताच्या कॅन्सरनं मरण पावला होता. रविवारी मानेवाडा घाटावर त्याचे अंत्यसंस्कार झाले. बाकावरचा दुसरा मुलगा, त्याचा पहिलीपासूनचा दोस्त, आता खिडकीजवळ भलत्याच दोघांच्या मध्ये दाटीवाटीनं बसवलेला होता. त्याचा मित्रही गेला आणि जागाही गेली.

स्टाफरूममध्ये सूचना आली: प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटं शांतता पाळायची, वर्गात विषय काढायचा नाही, गुरुवारपासून घटक चाचणी आहे. चौथा तास ग्रंथालयाचा होता. तो गणिताला द्या, असा निरोपही आला. मी दिला नाही. ग्रंथालयाचा तास हा कुणीही उचलून न्यायचा तास आहे, अशी आपल्या बहुतेक शाळांची समजूत आहे. त्या दिवशी तरी मला ती चालू द्यायची नव्हती.

मी दक्षिण नागपुरातल्या एका मराठी शाळेत ग्रंथपाल आहे. दाखल नोंदवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर माझी एक यादी असते: मरणाबद्दल मुलांशी बोलायला उपयोगी पडणारी पुस्तकं, कोणत्या वयाला कोणतं, आणि कोणतं मुळीच द्यायचं नाही. संस्थेच्या खरेदीत ही पुस्तकं कधी येत नाहीत. तिथं सामान्यज्ञान, स्कॉलरशिपची गाइडं आणि बोधकथांचे संच येतात. माझी बरीचशी पुस्तकं दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या स्टॉलवरून स्वतःच्या पैशानं घेतलेली आहेत. इतकी पुस्तकं घेणारी गर्दी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बाया कडेवरचं मूल सांभाळत पुस्तकं चाळतात.

पहिली-दुसरीसाठीचं पुस्तक निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते. त्यात ‘मेला’ असं स्पष्ट लिहिलंय का? ‘झोपला’ लिहिलेलं असेल तर ते पुस्तक बाद. आजी झोपली आणि उठलीच नाही, असं ऐकलेली मुलं रात्री डोळे मिटायला घाबरतात. ‘चांगली माणसं देवाला आवडतात’ हे तर त्याहून वाईट. हंगेरीतल्या मुलांशी बोलून मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी १९४८ साली मांडलं होतं की पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण म्हणजे गावाला जाण्यासारखं वाटतं, म्हणजे परत येता येईल असं. साधारण नऊ-दहाव्या वर्षापर्यंत ते कायमचं आणि सगळ्यांना येणारं असतं हे कळू लागतं. यात मूल आणि घर पाहून फरक पडतो, पण माझ्या मुलांच्या प्रश्नांत मला तो क्रम पुष्कळदा दिसला आहे. सातवीच्या मुलांना मरण कळत नाही, असं समजून त्यांच्यापासून बाक लपवणं म्हणजे त्यांचा अपमान आहे.

आई वारलेल्या मुलाच्या हातात आपले शिक्षक लगेच ‘श्यामची आई’ देतात. फार प्रामाणिक पुस्तक आहे ते. बेचाळीस रात्रींपैकी शेवटच्या रात्रींत आजारपण, गरिबी, मरण, काहीच झाकलेलं नाही. पण ‘बघ श्याम कसा घडला’ असं म्हणून ते दिलं की दुःखात असलेल्या पोरावर आणखी एक काम पडतं, चांगलं होऊन दाखवायचं. मी ते दुसऱ्या मुलांना देते. श्याम आईच्या शेवटच्या घटकेला घरी नव्हता. तो पोचला तेव्हा सारं आटोपलं होतं. ज्यांना शेवटचं भेटता आलं नाही, त्यांच्यासाठी तो भाग आहे. आणि अशी मुलं नागपुरात पुष्कळ आहेत.

त्या तासाला मी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ घेऊन गेले. १९१२ साली प्रसिद्ध झालेलं छोटं नाटक. आजारी अमल, त्याला बाहेर जाऊ न देणारे वैद्य, खिडकीतून बोलणारा दहीवाला, पहारेकरी, फुलं वेचणारी सुधा आणि राजाचं पत्र येईल म्हणून वाट पाहणं. माझ्या नियमात ते बसत नाही. अमल मेला असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही, तो झोपतो. लहानांना मी ते कधीच वाचून दाखवणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मात्र त्यातूनच भांडायला जागा मिळते: झोपला की मेला? वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, पोलिश डॉक्टर-लेखक यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून हेच नाटक जुलै १९४२ मध्ये करवून घेतलं. पुढच्याच महिन्यात त्यांना मुलांसह ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. हे मी वर्गात सांगितलं नाही, पण ती प्रत हातात घेतली की मला ते आठवतंच.

वर्गात गेल्यावर मी त्याचं नाव घेतलं. तो शनिवारी मरण पावला, त्याला रक्ताचा कॅन्सर होता, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, इतकंच म्हटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, “मॅडम, आम्ही त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायलो होतो.”

म्हणजे दोन दिवस ही मुलं हे पोटात घेऊन फिरत होती. कॅन्सर पाण्यातून लागत नाही, उष्ट्यातून नाही, शेजारी बसल्यानं नाही, हे मी तीनदा सांगितलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार चांगल्या उपचारांनी बहुतेक वेळा बरा होतो, आपल्या मित्राचा मात्र परत उलटला, हेही सांगितलं. काही खांदे खाली आलेले मला दिसले. दोन मिनिटांच्या शांततेत हे कसं बाहेर येणार होतं?

नाटक उघडणार तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला. तिच्या आजीनं सांगितलेली गोष्ट तिला सांगायची होती. किसा गोतमी मेलेलं बाळ घेऊन बुद्धांकडे जाते. ते म्हणतात, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरते. मोहरी प्रत्येक घरी असते, तसं घर मात्र सापडत नाही. मुलगी छान सांगत होती, मध्ये थांबून, आजीसारखी. ती संपल्यावर मी काही विचारलं नव्हतं, तरी मुलं आपापलं घर सांगू लागली. आजोबा, काका, मोठी आई. कितीतरी जण कोरोनातले, २०२१ च्या एप्रिलमधले. “गाडीत नेलं, मग फोनच आला.” “आम्हाले दाखवलंच नाही.” तेव्हा ही मुलं आठ-नऊ वर्षांची असतील. इतकी वर्षं यांना कुणी विचारलंच नाही, याचा मला तिथं उभ्या उभ्या संताप आला.

तास पस्तीस मिनिटांचा. ‘डाकघर’चा फक्त शेवट वाचला. राजवैद्य येऊन सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतात, अमलला झोप लागते आणि सुधा फुलं घेऊन येते. तो उठला की सांगा, सुधा तुला विसरली नाही. वाचून झाल्यावर ‘कसं वाटलं’ असं मी कधी विचारत नाही. मूल आपल्याला आवडेल ते उत्तर देतं. पात्राबद्दल विचारलं तर त्याला आडोसा मिळतो. मी विचारलं, सुधाला कोणी खरं सांगितलं असेल का? त्यावर वाद रंगला. तेवढ्यात खिडकीजवळून त्याच्या दोस्तानं विचारलं, “अमलले माहीत होतं का?”

मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, “माहीत होतं. सांगत नव्हता फक्त.”

घंटा झाली. तो बसून राहिला. मग जे बाहेर पडलं ते एका दमात. “त्याले माहीत होतं, मॅडम. मे महिन्यात मले म्हणाला, आता सुया टोचणं बंद केलं. बरा होत असतो तर टोचल्या असत्या ना. अन् सायकल मांगितली तं बाबांनी लगेच आणली. आधी दोन वर्षं नाही म्हणत होते. कोणाले सांगजो नको म्हणाला, आईले तर नाहीच, ती रडते.”

मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन अभ्यासकबाईंचं १९७८ चं पुस्तक आहे, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये राहून लिहिलेलं. मुलांना कुणीही न सांगता कळलेलं असतं आणि आईवडिलांसाठी ती न कळल्यासारखं वागतात, असं त्यात आहे. मी ते जाणत होते. पण सुया बंद झाल्यावरून बारा वर्षांच्या पोरानं काढलेलं अनुमान, ते ओझं दोन महिने एकट्यानं वाहणाऱ्या दुसऱ्या पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. मी त्याला म्हटलं, तू शब्द पाळलास. तो आता तुझ्या एकट्यावर नाही, मलाही माहीत आहे. बाक परत आणवला. वर्गशिक्षकांना ते आवडलं नाही. मुलांनी आपसांत ठरवून तिथं कोण बसणार याचा क्रम लावला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई दप्तरात सापडलेली दोन पुस्तकं परत करायला आली. मी ती तिलाच ठेवायला दिली, नोंदवहीत काय लिहायचं ते माझं मी बघेन. तिनं विचारलं, आणखी काय काय वाचायचा तो? मी त्याचं कार्ड काढून दाखवलं. प्रत्येक नाव तिनं मोठ्यानं वाचलं. जाताना म्हणाली, “एक बरं झालं मॅडम, शेवटपर्यंत त्याला काही कळलं नाही. हसत होता.”

मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत तो मुलगा आला. काकू आल्याचं त्याला कळलं होतं. “सांगून देऊ का त्यांना?” मी म्हटलं, आज ठरवायची गरज नाही. त्यांनी कधी विचारलं तर मात्र खोटं बोलू नकोस.

“पण त्या विचारणारच नाहीत.”

त्याचं बरोबर आहे. तिला जे धरून जगायचंय ते काढून घ्यायचा हक्क मला नाही, त्यालाही नाही. आणि दुसऱ्या बाजूला, आपल्या पोरानं आपल्याला रडू येऊ नये म्हणून केवढं सांभाळलं, हे त्या आईला कधीच कळू नये का? मला दोन्ही खरं वाटतं. एका बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारलं आहे. त्यांनी मुलाला आधी स्वतः भेटायचं म्हटलंय. त्याच्या घरचे तयार झाले आहेत, शनिवारची वेळ मिळाली आहे. मीही सोबत जाणार आहे.