आधी जमाखर्च, मग लेझीम

आमच्या डिपार्टमेंटचं स्नेहसंमेलन कधी नुसतं डिपार्टमेंटचं नसायचं. मी मुंबईत युनिव्हर्सिटीत युवा आणि समुदाय कार्य शिकवलं, सगळी नोकरी त्यातच गेली, आणि कोणी विचारलं की मॅडम तुम्ही नक्की शिकवायचात काय तर मला वर्ग नंतर आठवतो, आधी ते संमेलन आठवतं. १२ जानेवारीच्या आसपासचा रविवार असायचा. १२ तारखेला जिजाऊ जयंती आणि १९८५ पासून राष्ट्रीय युवा दिन पण, त्यामुळे आम्हाला निमित्त मिळायचं आणि वस्तीतल्या मंडळांनाही तारीख चालायची, कारण गणपती, नवरात्र सगळं होऊन गेलेलं असतं आणि पोरं जरा मोकळी असतात.

नियम एकच होता आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही. कमिटीत निम्मे आमचे विद्यार्थी, निम्मी आम्ही फिल्डवर्कला जायचो त्या वस्त्यांमधली मुलंमुली, आणि खजिनदार वस्तीतलाच. पावती पुस्तक त्याच्याकडे, मांडववाल्याशी आणि साउंडवाल्याशी घासाघीस तोच करणार, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्टेजवर उभं राहून माइकवर तो जमाखर्च वाचणार. वर्गणी किती आली, मसालेभाताला किती गेले, जिलेबीला किती, शिल्लक किती. मग लेझीम, कोळीगीतं, पथनाट्य, जे काय असेल ते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी चुळबुळ करायचे की हे काय मध्येच हिशोब, पण मागे बसलेल्या आया आणि मंडळाचे काका लोक अगदी कान देऊन ऐकायचे. एका वर्षी खजिनदार एक मुलगी होती, बारावीला, तिचा आवाज सुरुवातीला कापत होता आणि शेवटी शिल्लक रक्कम सांगून तिने विचारलं, "कोणाला काय विचारायचंय का?" आणि सगळ्या मांडवात टाळ्या. ग्रुप वर्कवर, म्हणजे गटाबरोबर काम कसं करायचं यावर, मी जेवढी लेक्चर्स दिली त्या सगळ्यांपेक्षा माझ्या विद्यार्थ्यांना त्या प्रश्नाने जास्त शिकवलं असं माझं मत आहे.

हे मला सुचलं कुठून, तर लालबाग-परळमधून. १९८२ च्या गिरणी संपानंतर तिथल्या चाळींमध्ये वडील घरी बसलेले आणि पोरांपुढे काहीच नाही अशी अवस्था होती. बाहेरून बघणारा म्हणायचा ही पोरं नाक्यावर टाइमपास करतात, पण त्याच पोरांची मंडळं होती, व्यायामशाळा होत्या, कबड्डीचे संघ होते, दहा दिवसांचा गणपती ती न चुकता उभा करायची, पावत्या फाडायची, रात्रीच्या पाळ्या लावायची, विसर्जनाला गर्दी सांभाळायची. म्हणजे संघटन त्यांना येतच होतं. आम्ही चार्ट पेपर घेऊन त्यांना लीडरशिप शिकवायला जाणार म्हणजे काय? म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी मंडळाच्या मीटिंगला नुसतं बसायला पाठवायचे. बोलायचं नाही, ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग, म्हणजे काय पाहिलं-ऐकलं त्याची नोंद, लिहून आणायची.

आणि मुंबईत समाजकार्याचं शिक्षण मुळात वस्तीतच सुरू झालंय, हे मी दर संमेलनाला सांगायचेच. १९३६ साली नागपाड्याच्या नेबरहूड हाऊस या वस्तीतल्या समाजकेंद्रात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं; क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथे काम करत होते, तेच स्कूलचे पहिले डायरेक्टर. तीच संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि १९५४ ला देवनारला गेली. नागपाड्यात आजही पोरं बास्केटबॉल खेळतात. मला हे सांगताना दरवेळी भरून यायचं, विद्यार्थ्यांना पाठ झालं होतं तरी ऐकायची बिचारी.

 

सगळ्यात लक्षात राहिलेलं संमेलन म्हणजे २६ जुलै २००५ नंतरचं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीने कुर्ला आणि कलिना बुडवलं, लाइट नाही, फोन लागत नाहीत. आमची जी कमिटी जानेवारीत जेवण, स्टेज, हिशोब अशी वाटली गेली होती तीच पोरं पाणी ओसरल्यावर आपणहून जमली, कोणी बोलावलं नव्हतं. जेवणवाली टीम खिचडीला लागली. स्टेजवाल्यांनी मांडववाल्याकडून ताडपत्र्या आणल्या. हिशोबवाल्यांनी फिल्डवर्कच्या सर्व्हेची वही काढली, गल्लीवार घरांची यादी त्यात होतीच, आणि कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुठे बाळंतीण आहे हे वस्तीतल्या मुलींना तोंडपाठ, त्यामुळे चादरी आणि धान्य आधी तिकडे गेलं. आलेल्या प्रत्येक गोणीची नोंद आणि दिलेल्या प्रत्येक घराची सही किंवा अंगठा. पुढच्या जानेवारीत पोरांनी स्वतः ठरवलं की यंदा नाच नको. स्टेजवर फक्त तो जमाखर्च वाचला गेला, गल्ली गल्ली करत, बराच वेळ लागला, आणि लोक उठले नाहीत. ज्यांच्या घरात माणूस गेलं होतं ते पण बसले होते. मग एका आजींनी उठून सांगितलं की आता झालं ना वाचून, पोरांनो लेझीम काढा, आणि काढली.

सेमिस्टर पद्धत आल्यापासून जानेवारीत श्वास घ्यायला वेळ नसतो, हे मला समजतं. इंटर्नल, असाइनमेंट, क्रेडिट, सगळं त्याच महिन्यात येऊन पडतं. अलीकडे संमेलन अर्ध्या दिवसाचं झालंय, इव्हेंटवाल्याला काँट्रॅक्ट देतात, वस्तीतल्या लोकांना निमंत्रण जातं आणि ते पाहुण्यांसारखे पुढच्या रांगेत बसतात. मला ते बघवत नाही. अर्धा दिवस चालेल, जिलेबी नसली तरी चालेल, पण आता तिथे शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना मनापासून विनंती आहे की कमिटी पुन्हा निम्मी निम्मी करा आणि पावती पुस्तक वस्तीत द्या. मांडववाल्याचा नंबर त्या बारावीतल्या खजिनदार मुलीकडे अजून आहे, ती आता स्वतः फिल्डवर्कची सुपरव्हायजर आहे, तिला फोन करा, ती येईल.