आफ्रिकन टँकमध्ये कोण कोणाबरोबर राहील?

परवा भाच्याचा मेसेज आला. "मावशी, चार फुटी टँक घेतलाय. सगळे आफ्रिकेतलेच मासे ठेवायचेत. यादी बघून सांग." यादीत होते यलो लॅब, ऑराटस, काँगो टेट्रा, क्रिबेन्सिसची जोडी, बटरफ्लाय फिश आणि उलटा पोहणारा कॅटफिश. सगळे खरोखरच आफ्रिकेतले, आणि एकेकटा पाहिला तर प्रत्येक मासा हवाहवासा. पण हे सगळे एका काचेत नकोत, असं मी त्याला लगेच कळवलं. मग फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्यातलं बरंचसं इथे लिहून ठेवते, कारण आफ्रिकन टँक लावायला निघालेला प्रत्येकजण याच जागी अडखळतो.

मासे निवडायच्या आधी पाणी निवडा, एवढंच माझं सांगणं आहे. यलो लॅब आणि ऑराटस मलावी सरोवरातले. तिथलं पाणी जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; 7 च्या खाली आम्लधर्मी) साधारण 7.8 ते 8.6. टांगानिका सरोवराचा पीएच त्याहूनही चढा, 9 च्या आसपास. याउलट काँगोच्या खोऱ्यातले ओढे आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नद्या जंगलातून वाहतात. पाल्यापाचोळ्याने पाण्याला तपकिरी छटा येते, पाणी मऊ असतं आणि पीएच बऱ्याचदा 7 च्या खाली असतो. तुमच्या नळाचं पाणी यातल्या कशाच्या जवळ आहे ते टेस्ट किटने तपासा आणि त्या बाजूला जा. रोज औषधं घालून पीएच वरखाली करण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

भाचा म्हणाला, "मग मधला मार्ग काढू. पीएच साडेसात ठेवतो, सगळे जगतील." जगतीलही कदाचित. टँकमध्येच वाढलेले मासे बरंच सोसतात. पण स्वभावाचं काय करणार? यलो लॅब आणि ऑराटस सिक्लिड या माशांच्या कुळातले. मलावीच्या खडकाळ काठावर राहणाऱ्या सिक्लिडना म्बुना म्हणतात. खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपल्या कपारीसाठी भांडायचं, हे त्यांचं जगणं. त्यातही ऑराटसचा नर फार आक्रमक. चार फुटांच्या टँकमध्ये तो इतरांना एक कोपराही सोडत नाही. अशा माशासमोर लांब, झिरझिरीत परांचा काँगो टेट्रा ठेवला तर आठवडाभरात त्याची शेपटी कुरतडलेली दिसेल. शिवाय खाणं वेगळं. म्बुनाला वनस्पतिजन्य, तंतुमय अन्न लागतं. बटरफ्लाय फिशला किडे लागतात. प्रथिनांनी भरलेलं खाणं म्बुनाला रोज मिळालं तर पोट फुगून तो दगावू शकतो.

म्बुना मला आवडत नाहीत असं मुळीच नाही. पण त्यांचा टँक म्बुनांचाच असावा. दगडांची रास थेट वरपर्यंत न्यायची, एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवायच्या, आणि सारख्या रंगाच्या दोन जाती एकत्र आणायच्या नाहीत. रंग सारखा दिसला की नर त्याला प्रतिस्पर्धी समजतो, आणि जवळच्या जातींचा संकरही होतो. मासे थोडे दाटीने ठेवले की मार एकाच माशावर पडत नाही, वाटला जातो. मात्र दाटी केली की फिल्टर दणकट हवा. पीएच चढा असताना पाण्यातल्या अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात असतो, त्यामुळे इथे हयगय चालत नाही. यलो लॅब या सगळ्यांत शांत, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी.

टांगानिकाचं तर वेगळंच जग. रिकाम्या शंखांत संसार थाटणारे इवलेसे सिक्लिड तिथे आहेत. लहान टँक, तळाला वाळू आणि मूठभर शंख एवढ्यावर त्यांची अख्खी वसाहत उभी राहते. त्यांच्याबद्दल एकदा सवडीने लिहीन.

वेगवेगळ्या जातींनी एकत्र आणि निवांत राहावं असं वाटत असेल, तर मी डोळे मिटून नदीचा टँक सुचवते. माझा स्वतःचा मोठा टँक काँगोचाच आहे. तिथे मासे थरांप्रमाणे निवडता येतात, आणि सगळा जमाखर्च तिथेच जमतो.

मधल्या थरात काँगो टेट्रा. दुकानातली पिल्लं इतकी फिकट दिसतात की लोक त्यांच्यासमोरून पुढे जातात. तसं करू नका. नर साधारण 8 सेंटीमीटरचा होतो, अंगावर निळी, सोनेरी, केशरी झळाळी चढते, आणि शेपटीच्या मधोमध झालरीसारखा भाग वाढतो. निदान सहा तरी घ्या, जागा असेल तर दहा, आणि माद्या नरांपेक्षा जास्त. कमी असले की ते भेदरतात, झाडांमागे दडतात आणि रंग धरत नाहीत. त्यांना सरळ पोहायला लांबी लागते, म्हणून चार फुटांपेक्षा लहान टँकमध्ये ते ठेवू नयेत. पर कुरतडणारा कोणताही मासा त्यांच्या शेजारी नको, मग तो कितीही शांत म्हणून विकला जात असो.

पृष्ठभागावर बटरफ्लाय फिश. हा माझा सगळ्यांत लाडका. पाण्याच्या कातडीला चिकटल्यासारखा तासन्‌तास स्थिर असतो. छातीचे पर पंखांसारखे पसरलेले, खालच्या परांचे लांब धागे लोंबणारे. एखादा किडा पाण्यावर पडला की क्षणात तोंडात. तोंड वरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे खाली बुडालेलं अन्न तो शोधत बसत नाही. त्याला तरंगणारंच द्यावं लागतं. वरच्या पाण्यात खळबळ कमी ठेवा, थोडी तरंगती झाडं सोडा आणि झाकण घट्ट लावा. तो उडी मारतो, आणि अगदी चिंचोळ्या फटीतूनही बाहेर पडतो. पृष्ठभागाजवळ वावरणारे लहान मासे तो गिळतो. पूर्ण वाढलेले काँगो टेट्रा त्याच्या तोंडात मावत नाहीत, म्हणून ही जोडी जमते.

तोंडाच्या मापाचा हा हिशेब नदीच्या टँकमध्ये फार महत्त्वाचा आहे. बिबट्यासारख्या ठिपक्यांचा टेनोपोमा वाळक्या पानासारखा हळूहळू तरंगत येतो आणि एकदम जबडा पुढे काढून मासा ओढून घेतो. स्वभाव लाजाळू आहे, भांडण करत नाही, तरीही बारक्या टेट्रांबरोबर त्याला ठेवता येत नाही. शांत मासा आणि निरुपद्रवी मासा यांत फरक असतो. विकत घेताना दुकानदाराला मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते आवर्जून विचारा. सहा पट्ट्यांचा डिस्टिकोडस लहानपणी केशरी-काळा आणि इतका देखणा असतो की हात पुढे जातोच. पण तो कित्येक पटींनी वाढतो, आणि वाटेत सगळी झाडं फस्त करतो.

तळाला क्रिबेन्सिसची, थोडक्यात क्रिबची, एक जोडी. हे नायजेरिया, कॅमेरूनकडचे. मादीचं पोट विणीच्या काळात गर्द गुलाबी-जांभळं होतं, आणि या जातीत नराला रिझवायला बऱ्याचदा तीच पुढे येते. चार फुटांत एकच जोडी ठेवा. अरुंद तोंडाची गुहा द्या, आडव्या ठेवलेल्या कुंडीनेही काम होतं. पिल्लं झाली की आईबाप दोघं मिळून त्यांना तळावर चरायला फिरवतात. ते पाहताना माझा चहा दर वेळी गार होतो. पाणी जास्त आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात, म्हणून पीएच 7 च्या जवळपास असू द्या.

अडचण होते ती उलट्या कॅटफिशशी. तो दिवसा लाकडाच्या खालच्या बाजूला पोट वर करून बसतो. पाठीपेक्षा पोट गडद, कारण उलटं पोहताना वर तेच असतं. स्वभाव शांत, तीन-चार एकत्र असले की खूश. पण रात्री तो फिरतो आणि अंडी, पिल्लं सापडली तर सोडत नाही. म्हणून क्रिबची गुहा एका टोकाला आणि कॅटफिशचं मोठं ड्रिफ्टवुड दुसऱ्या टोकाला ठेवा. मध्ये झाडांची आडभिंत करा. अनुबियास आणि आफ्रिकन वॉटर फर्न दोन्ही आफ्रिकेतलीच, दोन्ही लाकडाला बांधून वाढतात. कंद मात्र वाळूत पुरू नका, सडतो.

मासे सोडण्याचा क्रमही ठरवून घ्या. टँकचं सायकलिंग पूर्ण झालं, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजले आणि अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की आधी टेट्रा. ते रुळल्यावर कॅटफिश, मग बटरफ्लाय फिश. क्रिब सगळ्यांत शेवटी. ते आधी आले तर अख्खा तळ आपला मानून बसतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतात. उशिरा आलेल्या जोडीला एका गुहेवर आणि भोवतालच्या वीतभर वाळूवर समाधान मानावं लागतं.