भुताचा फोटो निघाला? आधी फ्लॅश बघा

आज सोलापूरच्या भुईकोटात चक्कर झाली. बहमनी काळातला किल्ला, दुहेरी तटबंदी, शेजारी सिद्धेश्वर तलाव. जुनी वास्तू म्हटली की भुताच्या गप्पा आल्याच, आणि हल्ली पुरावा म्हणून मोबाईलमधले फोटो पुढे केले जातात: अंधारात तरंगणारे पांढुरके गोळे.

मंडळी, ती धूळ आहे. फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. समोर चार-सहा इंचांवर उडणारा कण त्या उजेडात चमकतो, पण फोकसमध्ये येत नाही, म्हणून फुगून गोल दिसतो. खात्री करायचीय? एकाच जागी उभं राहून लागोपाठ तीन फोटो काढा, दोन फ्लॅश लावून, एक बंद करून. पहिल्या दोनांत गोळे जागा बदलतात, तिसऱ्यात गायब. उजेड हवाच असेल तर बॅटरी हात लांब करून बाजूने मारा. कोरीवकामही त्यानेच उठून दिसतं. समोरून उजेड मारला की वीरगळसुद्धा (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड) सपाट पाटा वाटतो.

आतला गारवा? जाड दगडी भिंत तापायला तासन्‌तास लागतात. एप्रिलच्या सोलापुरी उन्हातून आत शिरलं की अंगावर काटा येणारच. घोरल्यासारखा आवाज बहुधा गव्हाणी घुबडाच्या पिल्लांचा, उग्र वास वटवाघळांच्या विष्ठेचा. तिथली धूळ उडवू नका, फुप्फुसाला वाईट, मास्क लावा.

घाबरायचंच तर आग्या मोहोळाला घाबरा. कमानीखाली पोळं दिसलं तर धूर, अत्तर, दगड, ड्रोन, काही म्हणजे काही नको.