सोप्रानो कच्चे होते म्हणे!

"आज सोप्रानो जरा कच्चेच होते." जर्मनीतल्या लाइपझिगच्या थॉमस चर्चमधून बाहेर पडताना शेजारच्या आजी सहज बोलून गेल्या. (सोप्रानो म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणारी मुलं.) मी अजून भारावलेलोच होतो. खलाशी ब्लाऊज घातलेली, दहा-अकरा वर्षांची पोरं जर्मन संगीतकार बाखचं मोटेट (अनेक आवाजांचं धार्मिक गाणं) गात होती आणि आजींनी एका वाक्यात निकाल लावला!

ही पोरं थॉमस शाळेच्या गायकवृंदातली. शाळा १२१२ पासूनची. १७२३ ते १७५० बाख इथला कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख होता. नेमणुकीत लॅटिन शिकवणंही होतं. त्यानं ते पदरचे पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवलं. (हे वाचून मला तो फारच आवडला.) त्याच्याआधी नगरपालिकेला या जागी संगीतकार टेलेमान हवा होता, मग ग्राउपनर. दोघंही आले नाहीत. 'उत्तम मिळत नाही, तर मध्यम घ्यावा लागेल', असं एक सभासद म्हणाल्याची नोंद आहे.

म्हणजे आजींची परंपरा जुनीच!

आज ते साधं सरकारी गिम्नाझियम (माध्यमिक शाळा) आहे, बहुतेक मुलं गायकवृंदात नसतातच. गाणारी मात्र वसतिगृहात राहतात. तालमी, दौरे, शिवाय गणिताची परीक्षा आहेच. आवाज फुटला की काही काळ गाणं बंद, मग जमलं तर टेनर किंवा बास, म्हणजे पुरुषी खालच्या आवाजाचे गायक म्हणून परत.

तेरा-चौदाव्या वर्षी, ज्यासाठी घर सोडलं तेच थांबतं. तेव्हा या मुलांशी कोण काय बोलत असेल? कुणाच्या ओळखीत असा माजी थोमानर (या वृंदातला गायक) आहे का?