रेघेपलीकडची फ्रेज

सोमवार, रात्र

आज संध्याकाळभर गिटारवर ए ब्लूजच्या, म्हणजे ए सुरातल्या बारा बारच्या चक्राच्या, चौथ्या-पाचव्या बारमध्येच मुक्काम होता. बार म्हणजे चार बीटचा तुकडा आणि दोन बारांमधली सीमा ती रेघ. बाकीचे दहा बार बॅकिंग ट्रॅकवर (साथीच्या रेकॉर्डिंगवर) नुसते जाऊ दिले. चौथ्या बारच्या तिसऱ्या बीटवर फ्रेज, म्हणजे सुरांचं एक वाक्य, उचलायची आणि पाचव्या बारच्या दुसऱ्या बीटवर ठेवायची, एवढंच काम. मध्ये ए सेव्हन कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा) डी सेव्हन होतो आणि नेमका तिथेच गिटारवाल्यांचा हात अडतो. साहजिक आहे. आपण कॉर्ड शिकतो तीच मुळी बारच्या पहिल्या बीटवर बदलायला. डाव्या हातात ते इतकं मुरतं की सोलो घेतानाही बार संपत आला की बोटं पुढच्या जागेच्या तयारीला लागतात आणि फ्रेज तिथे तुटते. सॅक्सोफोनवाल्याचं वाक्य त्याच्या श्वासाएवढं असतं. आपल्याला फुंकायचं नसतं, त्यामुळे आपलं वाक्य बारएवढं होऊन बसतं.

म्हणून मला जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन पुन्हापुन्हा ऐकावासा वाटतो. १९३९ ते १९४१ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनबरोबर वाजवलं आणि १९४२ मध्ये, पंचविशीतच गेला. त्याच्यावर लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनचा प्रभाव होता आणि तो कळतो. आठव्या नोटांची (अर्ध्या-अर्ध्या बीटच्या सुरांची) लांबच लांब माळ दोन-तीन बार सरळ ओलांडून जाते आणि भलत्याच बीटवर संपते. तरी बार कुठे सुरू झाला याबद्दल ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही.

चौथ्या-पाचव्या बारमध्ये सगळी गंमत एका स्वराची आहे. ए सेव्हनमधला सी शार्प डी सेव्हन येताच सी होतो. हा सी बरोबर पहिल्या बीटवर घेतला की बदल कळतो, पण सगळ्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट सांगितल्यासारखा. तोच सी अर्धा बीट आधी, चौथ्या बीटच्या मागच्या अर्ध्यात घेतला आणि रेघेपलीकडे धरून ठेवला, तर डी सेव्हन आपल्यापाशी चालत येतो. उलट सी शार्प रेघेपलीकडे रेटून पाहिला. खाली कॉर्डमधला सी वाजत असतो आणि दोघांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर, त्यामुळे तो टोचतो. पण झटकन खाली सी वर उतरवला तर तेही चालतं, विशेषतः थोडं बेंड करून, म्हणजे तार ताणून. लवकर येणं गोड, उशिरा येणं तिखट. मला सध्या लवकरचं जास्त आवडतंय.

आठच्या सुमारास खालच्या मजल्यावरचे काका आले. ते तबला वाजवतात आणि माझी प्रॅक्टिस त्यांना जिन्यातून ऐकू येते. म्हणाले, "अगं, तू खालीपासून तिहाई घेऊन बघ ना." तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. मग सोफ्यावर बसून मांडीवर सोळा मात्रांचा तीनताल धरला. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला, म्हणजे खालीला, हात उलटा. तोंडाने म्हणाले, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा. तीन मात्रांचा तुकडा तीनदा, म्हणजे नऊ मात्रा. नवव्या मात्रेवर सुरू केलं की पहिला धा अकराव्यावर, दुसरा चौदाव्यावर आणि तिसरा थेट समेवर. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तेराव्या मात्रेची टाळी दुसऱ्या तुकड्याच्या ऐन मध्यात, गदिगनवर पडली. तोंड ती टाळी ओलांडून पुढे गेलं, पण हात तसूभर हलला नाही.

मला हवं ते नेमकं हेच आहे. रेघ ओलांडायची म्हणजे रेघ विसरायची असं मुळीच नाही. ती शरीरात कुठेतरी, पायात म्हणा, हातात म्हणा, इतकी पक्की हवी की बोटांना तिची आठवण ठेवावी लागू नये. म्हणून काका गेल्यावर मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला ४० टिकवर लावला आणि प्रत्येक टिक म्हणजे बारचा पहिला बीट धरून १६० च्या लयीत वाजवलं. मधल्या तीन बीट स्वतःच्या पायाने सांभाळायच्या. गिटार हातात घेण्याआधी प्रत्येक फ्रेज तोंडाने म्हणून घेतली, कारण तोंडाला पोझिशन बदलावी लागत नाही.

(हे लिहिताना नदीपात्राकडून ढोल पथकाचा सराव ऐकू येतोय. गणपती जवळ आले. ढोल ठोका सोडत नाहीत आणि ताशाची तर्री त्यांच्यावरून बेधडक धावते. वर्षानुवर्षं ऐकतेय, पण आज कान फक्त ताशाकडे.)

आता गणित. आठव्या नोटांचे तीन-तीनचे गट केले तर तीन बारनंतर गट पुन्हा पहिल्या बीटवर येतो, म्हणजे चौथ्या, सातव्या आणि दहाव्या बारवर. चार फेऱ्यांत ब्लूजचे १२ बार चोख भरतात. मला ते जरा जास्तच चोख वाटतं. दुसऱ्या कोरसला, म्हणजे बारा बारचं चक्र दुसऱ्यांदा आलं की, कान आधीच ओळखतो. पाच-पाचचे गट केले तर पाच बार लागतात. पहिल्या बारपासून निघालं की सहाव्यावर भेट, नंतर अकराव्यावर. आणि अकराव्या बारवर टर्नअराउंड, म्हणजे चक्राच्या सुरुवातीकडे परत नेणारा तुकडा, सुरू होतो! तिथून पुढच्या कोरसच्या पहिल्या बीटपर्यंत मोजलं तर दोन बारच्या आठ बीट आणि ती नववी. काकांची तिहाई तशीच्या तशी बसते.

अर्थात पाचाचे सोळा गट सलग वाजवले तर तो रियाझच ऐकू येतो, संगीत नाही. म्हणून काही गटांतली शेवटची नोट गाळायची, काही गट पूर्ण रिकामे सोडायचे, पाय मात्र चालू. रिकाम्या जागेतून परत नेमक्या ठिकाणी शिरणं सलग वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड जातंय. उद्या हेच करायचं, पण १०० च्या लयीत, आणि शेवटचे दोन बार वाजवताना काकांना हाताने आवर्तन धरायला सांगायचं.